पाण्याचा जोर आवरणारा मी

मी बोलतोय, सरोजबाईंच्या बाथरूमबाहेरच्या पाइपावरून. आत भिंतीवर दिसतो तो गिझर, त्याला घरात सगळे ओळखतात. मी इकडे दाराशेजारी, मुठीएवढा पितळी. पाण्याचा जोर कमी करणारा व्हॉल्व्ह. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि एक रबरी पडदा. पाणी बेफाम आलं की पडदा दाबला जातो, वाट अरुंद होते आणि पाणी शहाण्यासारखं पुढे जातं. काम एवढंच, पण ते करणारं कुणी नसलं की घराचं काय होतं ते मी पाहिलंय.

माझा जन्म जामनगरकडच्या एका कारखान्यातला. तिथून लखनौला आलो आणि तिथल्या चिनहट भागातल्या एका दुकानात फळीवर जाऊन बसलो. गिऱ्हाईक यायचं, चकचकीत नळ कुरवाळायचं, शॉवरची किंमत पाडून मागायचं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. माणसाला नळ उघडायची भारी हौस. पाणी आवरायचं मात्र पाइप फुटल्यावरच सुचतं!

एक दिवस चंद्रशेखर आले. रेल्वेत इंजिनियर, मूळचे मनमाडचे. त्यांनी मला चक्क नाव घेऊन मागितलं. माझी छाती फुगली. घरी पोचलो तर त्यांनी मला खोक्यासकट फ्रिजवर ठेवलं, आणि मी तिथेच धूळ खात पडलो. कारण त्यांच्या आईने, म्हणजे सरोजबाईंनी, मला साफ नको म्हटलं होतं.

त्यांचंही काय चुकलं? त्यांची हयात मनमाडला गेली. तिथे नळाला पाणी कितीतरी दिवसांनी यायचं, तेही करंगळीएवढं. मग हंडे, कळश्या, पातेली, घरातली वाटीसुद्धा भरून ठेवायची. उतारवयात त्या मुलाकडे आल्या. इमारत चांगली उंच, टाकी पार गच्चीवर आणि यांचा फ्लॅट खालच्या मजल्यावर, म्हणजे वरच्या सगळ्या पाण्याचा भार यांच्याच नळांवर. पहिल्या दिवशी नळ उघडला आणि धो धो पाणी आलं, तेव्हा बाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं. अशा नळाविरुद्ध बोलायची कुणाची बिशाद होती?

नळ बंद केला की भिंतीत धाडधाड आवाज यायचा. वॉशिंग मशिनची नळी निसटून स्वयंपाकघरात तळं झालं. बाई म्हणायच्या, पाणी आहे म्हणून आवाज आहे, असू द्या. मग एके सकाळी हातातला शॉवर त्या जोराने असा उसळला की बाई दचकून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. मला आणलं ते त्याच आठवड्यात.

प्लास्टर निघालं, पण हातात पूर्वीची पकड आली नाही. नळ सोडला की हातात धरलेला प्लास्टिकचा मग उडायचा, तोंडावर पाणी सपकन बसायचं. त्यामुळे सूनबाई, मंजिरी, त्यांना अंघोळ घालू लागली. किती हळुवार घालायची ती! पण बाथरूममधून बाहेर आल्यावर बाई दुपारपर्यंत कुणाशी बोलत नसत. फ्रिजवरून मला त्यांचा पडलेला चेहरा दिसायचा आणि जीव तुटायचा.

शेवटी एकदा त्यांनी सांगूनच टाकलं, "मंजिरी, मला एक भाकरी कमी दे, पण माझी अंघोळ माझी मला करू दे गं."

चंद्रशेखरांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मान हलवली. जन्मभर देवाकडे जे मागितलं, ते त्याने दिल्यावर त्याला लगाम घालायचा? चंद्रशेखरांनी टाकीची उंची, पाण्याचं प्रेशर, पाइपाची ताकद, सगळं ऑफिसातल्यासारखं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मंजिरी उठली. बाथरूममध्ये गेली, मोरीच्या जाळीवर फडकं दाबलं आणि नळ पूर्ण सोडून बादली भरली. मग फरशीवर उडालेलं पाणी पुसून पुसून दुसऱ्या बादलीत पिळलं आणि सासूबाईंना हाक मारली.

"आई, ती एक बादली भरताना हे एवढं सांडलं."

बाई त्या दुसऱ्या बादलीकडे बघतच राहिल्या. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणारी बाई ती. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. चूक दिसली तेव्हा क्षणभरही हटून बसली नाही.

"रोज एवढं जातं?"

"रोज."

"मग बसवा तो."

प्लंबर भैयाने दुसऱ्याच दिवशी मला पाइपावर चढवलं. जोर कमी-जास्त करायचा माझा स्क्रू मात्र चंद्रशेखरांनी स्वतः हातात घेतला. जोर कमी हवा म्हणून त्यांनी तो नळासारखा आवळला, आणि माझं सगळं उलटं! माझा स्क्रू आवळला की स्प्रिंग दाबली जाते आणि वाट मोठी होते. नळ सोडला तर पाणी तसंच उसळलं, बादली थरथरली. बाईंचा चेहरा उतरला. आपल्या नशिबी नाही ते, असं पुटपुटत त्या वळल्या. मी आतल्या आत ओरडत होतो, अहो साहेब, सैल करा!

"थोडं सैल करून बघा ना," मंजिरी म्हणाली.

त्यांनी केलं. मी श्वास आवरला आणि पाणी धरलं. नळातून धार पडली ती सरळ बादलीत, एक थेंब बाहेर नाही. बाईंनी धारेखाली तो दुखरा हात धरला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. मग टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत गेल्या. मंजिरी सवयीने मागोमाग निघाली, तेवढ्यात आतून कडी लागली.

मंजिरी दाराबाहेर थांबली. आत बादलीत प्लास्टिकचा मग बुडत होता, पाणी अंगावर पडत होतं, आणि थोड्या वेळाने बाई गुणगुणू लागल्या. मंजिरीने पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला गेली.

आता मला पाइपावर बसून बरेच दिवस झालेत. इथलं पाणी जड आहे, माझ्या तोंडावर पांढरे थर चढलेत आणि पोटातली गाळ अडवणारी जाळी भरत आलीय. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर वर्षातून एकदा त्याला उघडून धुवा. माझं म्हणाल तर मला निवृत्ती नको, कौतुक नको. मला फक्त रोज सकाळी ती कडी आतून लागलेली ऐकायची आहे.