पांझरेच्या पाटावरची काठी

मी पाटकऱ्याची काठी बोलतेय. अंगावर अक्षर एकही नाही, तरी साठ वर्षांचा इतिहास मला पाठ आहे.

पांझरा नदीच्या बंधाऱ्यातून एक पाट निघतो. तो आधी वरच्या गावाची शेतं भिजवतो, मग खालच्या गावाची. पाणी वाटून देतो तो पाटकरी. झिपरू पाटकऱ्याने मला बाभळीच्या फांदीतून तासलं. पाणी कमी पडलं की एका पाळीला वरच्या गावाला आधी पाणी, पुढच्या पाळीला खालच्या. वरच्यांची पाळी झाली की माझ्या उजव्या कडेला काप, खालच्यांची झाली की डाव्या. पूर आला तर कापाशेजारी नागमोडी रेघ, पटकीची साथ आली तर टोचे. झिपरूमागे त्याचा मुलगा चिंधा मला बोटांनी वाचू लागला.

माणसांची एक सवय मी पाहिली. पाणी भरपूर असलं की मला कोनाड्यात ठेवतात, आटलं की शोधतात.

१९६५ साली असंच शोधलं. पाटात घोटाभर पाणी आणि दोन्ही गावांचा हरभरा फुलावर. माणसं बंधाऱ्यावर जमली.

“मागला साल खालच्यासनी पाळी झायी. औंदा आमनी शे,” वरच्या गावचा भाईदास म्हणाला.

“मागला साल बठ्ठं रान पान्यात व्हतं, भाऊ,” खालच्या गावचा जीवराम म्हणाला. “पाळी लावानी गरजच कोठे पडनी?”

सगळे चिंधाकडे वळले. त्याचं स्वतःचं वावर वरच्या गावात, अगदी पाटाच्या तोंडाशी. एवढ्या कापांत शेवटचा कुठला, हे ओळखणारा तो एकटाच. खोटं बोलला असता तरी कुणाला कळलं नसतं. मला कळलं असतं.

त्याचं बोट माझ्या उजव्या कडेवर थांबलं. 

“शेवटला काप वरल्यासना शे,” तो म्हणाला. “मागला साल काप नही. पानी आधी खाले जाई.”

तिथेच त्याने माझ्या डाव्या कडेला जरा खोलच काप घातला. त्याचा हरभरा वाळला. घरी धुरपदाबाईने, त्याच्या बायकोने, रिकामं पातेलं पुढे ठेवून विचारलं, “आते काय, काठी रांधू का?”

त्यानंतर माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

पुढे धुळ्याच्या कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक निर्मलकुमार जुने पाट बघायला आले. मला हातात घेऊन ते म्हणाले, “अमेरिकेच्या वाळवंटात एका नदीकाठी पिमा आणि मारिकोपा लोकांची गावं आहेत. भाषा दोन, नदी एक. पिमा लोक अशीच काठी राखायचे. वर्षाला एक खूण.”

“मंग त्यासनं पानी?” चिंधाने विचारलं.

“वरच्या अंगाला नवे लोक आले, त्यांनी पाणी वळवलं. खाली नदी कोरडी पडली.”

चिंधाने मला त्यांच्या हातातून परत घेतलं. मग म्हणाला, “वरल्यासले कोनी काठी दखाडी नही का?”



आता १९७८ चाललंय. आमच्या नदीवरही वरच्या अंगाला धरण व्हायचंय. आमच्या पाटाला किती पाणी सोडायचं, ते उद्याच्या बैठकीत धरणाचे साहेब ठरवतील. चिंधाने आज मला तेल लावलं. भाईदास आणि जीवराम दोघेही त्याच्याबरोबर यायचे आहेत.

साहेब, तुमच्याकडे नकाशे असतील. ते जरा बाजूला सरकवा आणि मला हातात घ्या. डाव्या कडेला एक काप जरा खोल आहे. वाचायला तिथून सुरुवात करा.