चार हातांचं अंतर

माझ्या भावाला वाळीत टाकलं त्याला या हिवाळ्यात आठ वर्षं झाली. आमच्या प्रार्थनागृहात त्याचं नाव वाचलं गेलं: कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, एका छपराखाली थांबायचं नाही, चार हातांच्या आत जायचं नाही. राफाएल लायडनच्या विद्यापीठात वैद्यकी शिकला, तिथे मेलेली माणसं उघडून पाहिली, आणि घरी येऊन सांगू लागला की आत्मा मला कुठे सापडला नाही, शरीर थांबलं की माणूस संपला. पंचांनी विचारलं, शब्द मागे घेतोस का? नाही म्हणाला. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये हल्ली असं बोलणारे गल्लोगल्ली आहेत, पण ते ख्रिस्ती. आम्ही पोर्तुगालहून जीव मुठीत धरून आलेले ज्यू. आपण कुठे काय बोलतोय, एवढी अक्कल त्याला नव्हती. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने एकच मागितलं, मुलगा एकदा दिसू दे. शुक्रवारी मी तिचा पलंग तळमजल्याच्या खिडकीशी ओढला, नवऱ्याच्या दुकानातला कापडाचा गज आणून बाहेरचा रस्ता मोजला आणि चार हातांवर खडूची रेघ मारली. वर एक वीत जास्तच. माझ्या दोन मुली लग्नाच्या आहेत. नियम मोडायची माझी छाती नव्हती.

दुकानातल्या एका ख्रिस्ती गिऱ्हाइकाकरवी त्याला निरोप धाडला होता. शनिवारी सगळी गल्ली प्रार्थनेला गेल्यावर तो आला. रेघ बघून हसला आणि बरोबर तिच्यामागे उभा राहिला. केस पिकले होते. त्याच्याशी बोलायची बंदी, म्हणून आई माझ्याशी बोलू लागली. लेकी बोले सुने लागे.

"रेइना, वेळेवर जेवतो का गं तो?"

"जेवतो, आई," तो बाहेरून म्हणाला.

"कोट बघ कसला घातलाय. वैद्य म्हणे! याला कोण नाडी दाखवत असेल?"

"तू दाखव, बघतो."

आई हसली, मग खोकली. "त्याला विचार, रेइना. मी गेल्यावर तुमचे बाबा मला भेटतील का?"

विचारायची गरजच नव्हती, त्याने ऐकलं होतं. मी डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं. हो म्हण मेल्या, हो म्हण.

"भेटतील," तो म्हणाला. "वाटच बघत असतील."

मला हायसं वाटलं. आईचा चेहरा मात्र उतरला.

"हे एवढं त्या दिवशी पंचांपुढे म्हणाला असता," ती मला म्हणाली, "तर आठ वर्षं माझ्या हातचं जेवला असता. मी मनाची समजूत घालत होते, पोर हट्टी आहे, पण खोटं बोलत नाही. मग कशापायी गेली गं माझी आठ वर्षं?"

राफाएलने टोपी काढली. "आई, आत्ता खोटं बोललो. भेटतील असं मला नाही वाटत. तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो."

"आता कसं!" आई रडत होती, आणि तरी तिचा जीव भांड्यात पडला होता. "भेटतात की नाही ते माझं मी बघून घेईन." मग माझ्याकडे न बघता तिने हाक मारली, "राफा, आत ये."

तो हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता. पंचांपुढे न वाकलेला माणूस माझ्या परवानगीसाठी थांबला होता. माझ्या मोठीला त्यानेच कडेवर खेळवलं होतं, आमचं काय होईल हे त्याला कळत होतं. समोर कालव्यापलीकडे आमच्यातलीच म्हातारी डोना ब्रिओलांजा, आज प्रार्थनेला न गेलेली, पडदा सारून टक लावून बसली होती.

मी दाराची कडी काढली.

"ये की मेल्या," मी खेकसले. "थंडीत किती वेळ उभा राहणारेस?"

तो आत आला. आईने त्याचा हात घट्ट धरला, आणि मुलींना काय सांगायचं याचा विचार करत मी दार लावून घेतलं.