गाडीला विसावा

"नाना, दमा गाडीले व्हयना का तुमले?"

केबिनच्या मागच्या खिडकीला तोंड लावून दिपमालानं विचारलं आणि पिकअपच्या हौद्यात, दुधाच्या कॅनांच्या आड बसलेल्या पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. पैज मयुरीची होती. "बापले इचारी दाखाड, मंग मानसू तुले," असं ती गाव सोडल्यापासून टोचत होती. मागच्या वर्षीची दिपमाला असती तर मान खाली घालून बसली असती. पण तालुक्याच्या भाषणस्पर्धेत पहिली आल्यापासून तिच्या जिभेला पंख फुटले होते. मास्तर असो, सरपंच असो, नाहीतर जन्मदाता बाप, मनात आलं की ओठावर आलंच.

स्टिअरिंगवर तिचा बाप योगराज होता. त्याच्या वतीनं गाडीच बोलली. नाल्याचा चढ लागला होता. त्यानं पाय दाबला, पार तळाला टेकवला, पण गाडी काही जोर धरीना. नुसतीच कण्हत, पोट तुंबलेल्या म्हशीसारखी जागच्या जागी थरथरत राहिली आणि अर्ध्या चढावर बसलीच.

"पोरीसहोन, उतरा खाले!"

"परत?" मयुरी म्हणाली.

"परत. चाकले दगड लावा नि मंग ढकला."

पोरी उतरल्या. दोन्ही अंगांना कापूस पांढराफटक फुटला होता. आश्विनातलं ऊन, ते सकाळचंसुद्धा चटके देत होतं. काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. सहा पोरी, सहा दप्तरं आणि दुधानं भरलेले कॅन. खांदे लावून त्यांनी गाडी चढवली. शाळेच्या निळ्या गणवेशांवर काजळीचे पंजे उमटले. सगळ्यांत पुढे खांदा लावला होता पुनमनं. काडीसारखी पोर, पण गाडी मागे सरकली की हिचाच श्वास अडकायचा.

त्याला कारण होतं. त्यांचं गाव तापीकाठचं, शिरपूरच्या अंगाचं. शाळा आठ किलोमीटरवर, फाट्याला. नाल्यावरचा फरशीपूल खचला तेव्हापासून एसटी फाट्यावरूनच तोंड फिरवायची. लहान गाडी तेवढी कडेकडेनं निघायची. म्हणून योगराज डेअरीला दूध न्यायचा, त्यातच पोरींना बसवायचा. पुनमचा बाप जीवराम यानं जूनमध्येच सांगून टाकलं होतं, "योगराजभाऊनी गाडी शे तवलोंग शाळा. मंग वावर." पुनम गणितात वर्गात पहिली होती. दिपमालाला भाषण यायचं, पण गणित तिला पुनमच शिकवायची, कॅनवर पाटी ठेवून, हलत्या गाडीत.

गाडी जाईल तर पुनमची शाळा जाईल, हे दिपमालाला कोणी सांगायला नको होतं. म्हणूनच तर ती एवढी हसत होती.

त्या दिवशी पोचेपर्यंत प्रार्थना संपली होती, पहिला तास संपला होता आणि डेअरीवरच्या माणसानं एका कॅनचं झाकण उघडून नाक वाकडं केलं होतं.

संध्याकाळी योगराज ओट्यावर बसला होता. गाडी समोर कडुनिंबाखाली उभी. दिपमालाची आई सुनंदाबाई चुलीवरून ओरडली, "तिना तोंडकडे काय देखतस? सांगी का ती तुमले कोठे दुखस ते?"

"बैल व्हतात तव्हय सांगेत," योगराज म्हणाला.

गाडी घ्यायच्या आधी त्यानं वीस वर्षं बैलगाडी हाकली होती. गावात त्याचं नाव होतं. योगराजचा बैल कधी खांद्याला सुजला नाही, कधी ओझ्यानं मेला नाही. बैलानं धाप टाकली की तो जू उतरवायचा, पाणी पाजायचा, पाठीवर ओलं पोतं टाकायचा, मगच पुढे. गाडी आली तेव्हाही त्यानं तोच धर्म पाळला. गल्लीगल्लीत दारोदार दूध गोळा करताना प्रत्येक दारी इंजिन बंद. डिझेल वाचतं आणि जिवाला आराम. कधीकधी गाडी उभी असतानाच आपोआप तिचा आवाज चढायचा, मागून तापल्या तव्यासारखा वास यायचा, सायलेन्सरजवळ पाय ठेवला तर पोटरी भाजायची. असं झालं की योगराज ताबडतोब किल्ली फिरवायचा. "धापा टाकी ऱ्हायनी बिचारी. बसू दे जराशी." बॉनेट उघडायचं, खाली ओलं पोतं अंथरायचं आणि आपण बाजूला बसून तंबाखू मळायची.

स्टिअरिंगपुढच्या काचेमागे एक पिवळी बत्ती लागायची. पहाटेच्या अंधारात ती डोळ्यात खुपायची. श्रावणात कानबाई बसली, तेव्हा सुनंदाबाईनं कानबाईचं लाल-सोनेरी स्टिकर आणून बरोबर त्या बत्तीवर चिकटवलं. बत्तीही झाकली, देवीही बसली. घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं.

"रुपचंदकडे लई जा," सुनंदाबाई म्हणाली. "जीवरामभाऊ दोनदा इचारी ग्या."

रुपचंद फाट्यावरचा मिस्त्री. जुन्या जीपगाड्या तो डोळे झाकून खोलायचा. त्यानं गाडीखाली सरपटत जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. "दे रेस," म्हणाला. योगराजनं दिली. "आखो दे." दिली. रुपचंद बाहेर आला आणि तळवा पँटला पुसत म्हणाला, "वाराच नही येत. देख, हाऊ मधला डबा शे ना, त्यामा जाळी शे. कंपनीनी नाकमा बोळा कोंबेल शे. माणूस मरी का नही मरी?"

"मंग?"

"मंग काय! बोळा काढी टाकू."

दिपमाला बापाबरोबर आली होती. तिला गप्प राहवेना. "काका, कंपनीनी उगाच घालेल व्हई का?"

"तू कितवीमा शे?"

"दहावीमा."

"मंग दहावीनं पुस्तक वाच, माय. सायलेन्सरनं माले वाचू दे."

योगराज हसला. दिपमालाला वाटलं, आणखी काहीतरी विचारावं. पण काय विचारावं हेच सुचेना, कारण त्या डब्याबद्दल तिलाही काडीचं ठाऊक नव्हतं. तोंडात पंख असून उपयोग काय, उडायचं कुठे ते कळायला पाहिजे.

रुपचंदनं डबा कापला. आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी निघाली, काजळीनं ठासून भरलेली, एकही भोक मोकळं नाही. त्यानं पहारीनं ती ठेचून ठेचून बाहेर काढली. काळा भुगा रस्त्यावर सांडला, वाऱ्यानं उडून चहाच्या टपरीवर गेला, टपरीवाल्यानं शिव्या घातल्या. मग रिकामा डबा वेल्डिंग मारून पुन्हा बसवला. बॅटरीची वायर काढून परत लावली. "आते मार स्टार्टर."

आणि गाडी उडाली! नाल्याचा चढ तिनं तिसऱ्या गिअरला घेतला. दिपमालानं खिडकीतून डोकं बाहेर काढून आरोळी ठोकली. जीवरामच्या दारासमोर योगराजनं मुद्दाम हॉर्न वाजवला. पुनम बाहेर धावत आली. हातात राखेचं भांडं, तोंडभर हसू.

"व्हयनी का बरी?"

"बरी? घोडी व्हयनी, घोडी!" दिपमाला ओरडली.

ती घोडी एक दिवस धावली. दुसऱ्या सकाळी कॅन भरले, पोरी बसल्या, गावाबाहेर पडते न पडते तोच इंजिनाचा गळा कोणी आवळल्यासारखा झाला. पाय दाबला तरी गाडी रांगतच चाललेली. त्यात आता मागून धूर निघायला लागला, काळाकुट्ट. पूर्वी निदान तो तरी नव्हता. मयुरीनं काही विनोद केला, पण कोणी हसलं नाही. चढावर गाडी थांबली. पोरी न सांगता उतरल्या, मागे खांदा लावला, तर सायलेन्सरचा सगळा धूर त्यांच्या तोंडावर. पुनमला खोकल्याची अशी ढास लागली की ती रस्त्याच्या कडेला बसून ओकली.

नेमका जीवराम मागून मोटारसायकलवर येत होता. तो थांबला. पोरीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"योगराजभाऊ, तुमना काही दोष नही. पन तुमनी गाडीना आते भरोसा नही. पोर शाळामा जास का गाडी ढकलाले?"

"काका, एकच दिन द्या. उद्या दुरुस्त करतस नाना," दिपमाला म्हणाली.

"बेटा, कापूस वावरमा फुटेल शे. वेचणारी बाई भेटत नही. पुनम घर राहीन तं दोन हात तरी व्हतीन."

"तिनी बोर्डनी परीक्षा शे, काका!"

"परीक्षाले गाडी लागी. गाडी शे का?"

पुनम मोटारसायकलवर मागे बसली. दप्तर तिनं पोटाशी धरलं होतं. वळून बघितलंही नाही. आठवड्याभरात आणखी दोघींच्या घरच्यांनी तेच केलं. काखेत फडकं बांधून पोरी कापसात उतरल्या.

रविवारी योगराज धुळ्याला निघाला. तिथल्या देवपूर भागात कंपनीचं मोठं वर्कशॉप होतं. दिपमाला सोबत. गाडी हमरस्त्यावर एका कडेनं सरपटत होती, ट्रकवाले हॉर्न मारून मारून शिव्या देत पुढे जात होते. योगराज प्रत्येकाला हात वर करून माफी मागत होता. दिपमालाला तो हात बघवेना.

वर्कशॉपमधल्या तरुण माणसानं गाडीला वायर जोडली, हातातल्या पडद्यावर बघितलं, मग खाली वाकला.

"हे कोणी कापलं?"

योगराज शहरी बोलायला गेला, "आमच्या तिकडच्या मिस्त्रीनं. जाळी तुंबली होती ना, म्हणून."

"अहो काका, ती तुंबणारच. धुरातली काजळी अडवायला तर असते ती. भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते. थोडा आवाज वाढतो, मागचा भाग तापतो, वास येतो. त्या वेळी गाडी बंद करायची नसते. उलट चांगली पळवायची, म्हणजे जाळी साफ होते. बत्ती लागते ना समोर? ती तेच सांगत असते."

त्यानं वाकून बघितलं. बत्तीच्या जागी कानबाई होती. त्यानं देवीला हात लावला नाही.

"त्याच वेळी बंद करायची नसते?" योगराजनं पुन्हा विचारलं.

"नाही ना."

"मी तर, साहेब, तिला आराम देत होतो."

माणसानं वायर काढून गुंडाळली. "लवकर आला असता तर इथे जाळून साफ करता आली असती. बॅटरीची वायर काढून लावली की गाडीचा कॉम्प्युटर एखादा दिवस फसतो, पण जाळीच नाही म्हटल्यावर तो जोर देणार नाही. नवा डबाच बसवावा लागेल. तोपर्यंत अशीच रांगेल. चढावर ओझं घेऊन नेऊ नका, माणसं तर अजिबात नाही."

नव्या डब्याचा आकडा त्यानं सांगितला. योगराजनं तो ऐकला आणि गाडीची किल्ली परत मागून घेतली.

बाहेर येऊन तो गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. "बैल बी आसाच करता तं?" तो म्हणाला. "धाप लागनी का पळवा, आसं सांगता तं? कोनले समजाव व्हतं हाई?"

दिपमालाला त्या तरुण माणसाचा राग यावा असं वाटलं, पण तो चांगला होता. रुपचंदचा राग यावा, पण त्यानंही जीव ओतून काम केलं होतं. जीवरामकाकाचा यावा, तर त्याचंही खोटं नव्हतं. राग ठेवायला जागाच सापडेना.

देवपूरला तिची आत्या, बेबाबाई, राहायची. तिथे चहाला गेले. आत्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "भाऊ, पोरले आठेच ठेव. खोली शे, नळ शे, शाळा दारसमोर शे. एक ताटनी काय अडचण?"

योगराजच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा उजेड आला. परत येताना रस्ताभर तो तेच बोलत होता. कोणता वर्ग मिळेल, दाखला कसा काढायचा, दर शनिवारी कसं भेटायला येईन. दिपमाला हो हो म्हणत होती. खरं सांगायचं तर तिलाही आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. देवपूर! मोठी शाळा, मोठं व्यासपीठ!

गावाजवळ जीवरामचं वावर लागलं. दिवस कलला होता. पुनम सरीमधून वाकून चालली होती, काखेतल्या फडक्याचं गाठोडं पोटापुढे फुगलेलं. गाडी रांगतच होती, म्हणून दिपमाला चालत्या गाडीतून उतरली आणि बांधावर गेली.

"काय सांगं धुळाले?" पुनमनं विचारलं.

दिपमालानं सगळं सांगितलं. जाळीचं, बत्तीचं आणि शेवटी आत्याचंही.

पुनमनं नखं चावली. बोंडाच्या काट्यांनी तिची बोटं सोलली होती. "चांगलं व्हयनं. तू जाय."

"नि तू?"

"मना काय! फडकामा कापूस मोजस. गणितच शे ते बी." ती हसली आणि पुढच्या झाडाकडे वळली. "जाय ना. तुना नाना वाट देखी ऱ्हायना."

घरी योगराजनं सांगताच सुनंदाबाईनं बॅग काढली. पत्र्याच्या पेटीतून दिपमालाचे कपडे काढून घडी घालून ठेवत होती. आतल्या आत रडत होती आणि वरून सांगत होती, "आत्याले उलटं बोलू नको. भांडं घासाले मागेपुढे करू नको. ते भाषण तठे शाळामाच, घरमा नको करू."

दिपमाला दारात उभी राहिली. भाषणाला उभी राहते तसे तिनं पाय जुळवले. समोर टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं. बाप ओट्यावर, आई बॅगेपाशी, बस्स.

"नाना, माय, ऐका. मी देवपूरले जावाव नही."

आईचा हात थांबला. "येडी व्हयनी का?"

"मी पायी जासू. सकाळले लवकर निंघसू. नि एकटी नही. पुनमना दारमा जाईसन जीवरामकाकाले सांगसू, पोरले मनासंगे द्या, मी जबाबदार. वाटमा कोनी भेटनं तं मी बोलसू, माले बोलता येस."

"नि नही सोडं त्यानी तं?" योगराजनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तिला अडवण्याची ताकदही नव्हती.

"नही सोडं तं मी दारमाच बशी राहसू, नाना. पहिला दिन, दुसरा दिन, दिवाळीपावत. शाळा बुडनी तं दोन्हीसनी बुडू दे. ती बॅग खाली कर, माय."