तुरीची डाळ आणि उजनीचं पाणी

भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनी आंबेवाडी बुडाली आणि नवी आंबेवाडी वर माळावर वसली. त्याला आता चाळीसएक वर्षं होऊन गेली, पण मथुराबाईंच्या जिभेवरची भीमेच्या पाण्याची चव काही गेली नव्हती. सून वैजयंती डाळीत सोडा घालताना दिसली की त्या म्हणायच्याच, "जुन्या गावात सोडा कुणाला ठावं व्हता? नदीची घागर आणायची, डाळ चुलीवर टाकायची, अन् दारात सडा घालून येईस्तवर डाळीचं नुसतं लोणी!"

नव्या गावात बोअरचं पाणी. भांड्यांवर पांढरा थर चढायचा, साबणाला फेस यायचा नाही आणि डाळ शिजता शिजत नसे. प्यायला टेंभुर्णीहून टेम्पोतून जार यायचे. समोर धरणाचं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं, पण हिरवं आणि वासाचं. मोटारी लावून उसाला, केळीला सोडायचं. तोंडात कुणी घेत नसे.

नात देवयानी सोलापूरला विद्यापीठात पाण्यावरच संशोधन करत होती. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी गावाच्या कडेला पाणी शुद्ध करायचं एक लहानसं केंद्र उभं केलं. धरणाचं पाणी आधी वाळूतून जायचं, मग उसाच्या चिपाडांपासून केलेल्या कोळशातून, आणि शेवटी जंतू मारणाऱ्या दिव्यापुढून. पंप आणि दिवा दोन्ही छपरावरच्या सोलरवर चालायचे. पाणी काचेसारखं निघायचं. तपासणीचे कागद भिंतीला चिकटवलेले होते. लोक ते कागद बघायचे, मान डोलवायचे आणि त्या पाण्यानं मोटरसायकली धुवायचे.

"महिनाअखेरपर्यंत कुणी प्यायलं नाही तर सगळं दुसऱ्या गावाला हलवायचं ठरलंय," देवयानी एकदा रडवेल्या आवाजात म्हणाली. "आज्जी, तू तरी पी की. तू प्यालीस तर सगळ्या पितील."

"कागदावरनं पाणी कळतं व्हय गं? त्यात डाळ शिजू दे, मग बघू."

देवयानीला हे आवडलं. तिनं स्वतः केंद्रातली घागर भरून आणली.

रविवारी दारापुढं चूल मांडली. गल्लीतल्या बायका जमल्या. मथुराबाईंबरोबर एकाच वर्षी लग्न होऊन जुन्या गावात आलेल्या सोजरबाई भिंतीला पाठ लावून ऐसपैस बसल्या. मथुराबाईंनी फडताळातला खास डबा काढला. त्यातली तूरडाळ घरच्या रानातली, एरंडेलाचा हात लावून जपलेली. सणावाराशिवाय त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

तपेलं उकळायला लागलं. पाणी आटलं, पुन्हा घातलं. दाणा बोटांत दाबला तर मऊ व्हायचं नाव नाही.

"मथुराबाई, डाळ घातलीय का खडी?" सोजरबाईंनी विचारलं. "पुन्यावरनं आलंय पाणी. दुपारची झोप घेत आसल."

बायका खो खो हसल्या. मथुराबाईंनी पळी खाली ठेवली. "न्हाय. ह्ये आपल्या नदीचं पाणी न्हाय," त्या म्हणाल्या.

देवयानीचा चेहरा उतरला. तो बघून त्यांना वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी थोडं बरंही वाटलं. त्यांच्या नदीसारखं पाणी असं कुणी कोळशातून गाळून काढेल, तर मग धरणात बुडालं ते काय?

दुसऱ्या दिवशी केंद्राकडे गाड्या धुवायलाही कुणी फिरकलं नाही. देवयानी एकटीच टाकी पुसत होती.

डब्यात मूठभर डाळ उरली होती. मथुराबाईंनी ती दुपारी कुकरला लावली, चांगलं जारचं पाणी घालून. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं तर डाळ जशीच्या तशी.

"वैजू, ही डाळ गेल्या सालची न्हवं?"

"कुठली गेल्या सालची, आत्याबाई! तीन सालं झाली तिला. जुनी डाळ शिजती का कुठल्या पाण्यात? मी सांगितलं असतं, पण तुम्ही डब्याजवळ फिरकू देता का?"

मथुराबाईंनी रिकामा डबा उघडून पाहिला. गप्प राहिलं तर चालण्यासारखं होतं. डाळ संपली होती, सून गावभर सांगत फिरणारी नव्हती. सोजरबाईंचं तोंड डोळ्यांपुढं आलं. मग एकटीनं टाकी पुसणारी नात आली. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि त्या तडक केंद्रावर गेल्या.

ऐकून देवयानी हसत सुटली. "अगं आज्जी, हे आमच्या प्रयोगशाळेतही होतं! पाणीही वेगळं आणि डाळही वेगळी, मग दोष कुणाचा ते कळायचं कसं? मलाही कुठं सुचलं काल?"

"आता गं?"

"जुनी डाळ नि नवी डाळ. बोअरचं पाणी नि आपलं पाणी. चार तपेली मांडायची."

"जुनी डाळ संपली की. सोजरीकडं आसल. ती बी माझ्यासारखीच, जपून ठेवनारी."

"मग मागून आण."

"तिच्याकडं?" मथुराबाईंनी कपाळाला हात लावला. पण गेल्या.

संध्याकाळी चार चुली पेटल्या. बायका परत जमल्या तेव्हा मथुराबाई उभ्या राहून म्हणाल्या, "काल म्या चुकले. डाळ जुनी व्हती, अन् नाव पाण्याला ठिवलं."

"बाई बाई, कान निवलं माझं," सोजरबाई म्हणाल्या. "पुन्यांदा म्हना की, नीट ऐकू आलं न्हाय."

"आदी तुझी डाळ शिजती का बघ!"

सोजरबाईंची डाळ दोन्ही तपेल्यांत टणक राहिली. नवी डाळ बोअरच्या पाण्यात अर्धीकच्ची राहिली. आणि चौथ्या तपेल्यात मथुराबाईंनी पळी फिरवली तशी डाळ विरघळून पिवळीधमक झाली. सोडा नाही, काही नाही.

मथुराबाईंनी केंद्रातल्या पाण्याचा तांब्या उचलला आणि एक घोट घेतला. डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरला.

"आपल्या भीमेवानी लागतंय का वो?" सोजरबाईंनी हळूच विचारलं. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"न्हाय. ती चव गावासंगं खाली ऱ्हायली," मथुराबाई म्हणाल्या. देवयानीनं मान खाली घातली. "पर चुलत भन वाटती तिची. चेहरापट्टी जुळती." आणि त्यांनी उरलेला तांब्या गटागटा रिकामा केला.

सोजरबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि घागरीत बुडवला.

तेवढ्यात रस्त्यावर जारच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. टेम्पोवाल्या पोरानं बाहेर डोकं काढून विचारलं, "काकू, किती उतरवू?"

"आज ऱ्हाऊ दे, बाबा," तोंड पुसत सोजरबाई म्हणाल्या. "अन् मथुराबाई, डाळीला फोडनी टाका की आता. नुसतं पानीच पाजनार व्हय आमाला?"