पायाळूचा पहिला नंबर

सकाळी दार उघडलं की बाहेर कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं असायचंच. सुलक्षणाबाईंना आता कडी काढायचीच धास्ती वाटायला लागली होती.

दहिसरच्या त्या चाळीत त्या एका साध्या गोष्टीसाठी ओळखीच्या होत्या. त्या पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेले. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण जाते, हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असंही म्हणतात. सुलक्षणाबाईंना स्वतःचा चष्मा सापडत नसे, ते सोडा. पण शेजारच्या विमलाच्या पाठीत बादली उचलताना उसण भरली, की ती हक्काने येऊन पालथी पडायची. बाई डावा पाय हलकेच टेकवायच्या, मग चहा व्हायचा. गुण पायाचा की चहाचा, हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनी कधी मिरवलंही नाही.

आणि मग चिरंजीवांनी अक्कल पाजळली.

सुयोग अंधेरीला एका ऑफिसात होता. लोकांनी नेटवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं नाव सगळ्यात वर आणायचं, एवढंच तिथलं काम. साहेब म्हणाला, जे मुळात नाहीच ते पहिल्या नंबरावर आणून दाखव, मग तुला कायम करतो. या दिवट्याने काय आणावं? आईला आणलं! ‘सुलक्षणा स्पाइन केअर. दहिसर-बोरिवलीतले सर्वोत्तम मणकातज्ज्ञ. ऑपरेशनशिवाय शंभर टक्के खात्री.’ वर कुठल्यातरी परदेशी इमारतीचा फोटो. ऑफिसातल्या सर्वेशने आणि ऋतिकाने नावं बदलून बदलून ‘मी चालू लागलो’ असं लिहिलं. मग कुणी ढुंकून बघणार नाही अशा ढीगभर पोकळ वेबसाइट उभ्या केल्या आणि सगळ्यांनी या एका पानाकडे बोट दाखवलं. एवढे लोक बोट दाखवतात म्हणजे काहीतरी असणार, असं शोधून देणाऱ्या मशीनला वाटलं. पत्ता तेवढा खरा, कारण नकाशावर खरा पत्ता लागतो म्हणे. वर्षानुवर्षं घासून शिकलेले डॉक्टर गेले दुसऱ्या पानावर, आणि आई पहिल्यावर. सुयोग कायम झाला. पेढे आले, आणि बाईंनी ते कशाचे हे कळण्याआधीच खाल्ले.

नंतर लोक यायला लागले. “पार्किंग कुठाय?” “मॅडम किती वाजता बसतात?” हे मॅडमलाच विचारायचे, आणि मॅडमच्या हातात केरसुणी. एकाने तर पंख्याखाली बसल्या बसल्या विमलाला रिसेप्शनिस्ट समजून पाणी मागितलं. विमलाने दिलं, वर रांगेतला नंबरही दिला! तिला गंमत वाटत होती. बाईंचं डोकं उठलं होतं.

“मेल्या, काढ ता आधी,” त्या रोज म्हणायच्या. चिडल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची.

“काढतो गं. साहेब म्हणतो महिनाभर राहू दे, क्लायंटला दाखवायचंय. आणि नुकसान कुणाचं होतंय? पाय तर तू लावतेसच ना.”

बाईंनी हातातली केरसुणी त्याच्या दिशेने भिरकावली.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर एका रविवारी मुलुंडहून रिक्षाने आलं. अंबादास नावाचे गृहस्थ, त्यांना धरून मुलगी माधुरी. उंबऱ्यात त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि त्यांना पत्ताच नाही. ते तसेच फरफटत आत आले. ही उसण नव्हे, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

“हॉस्पिटलात दाखवलंत ना?”

“उद्या ऑपरेशन होतं,” माधुरी म्हणाली. “उशीर केला तर पाय जाईल म्हणाले. पण तुमचं वाचलं आणि म्हटलं, कापाकापी कशाला. आम्ही कॅन्सल करून आलो.”

“कॅन्सल?” बाई किंचाळल्याच. “अगो बाई, माझ्याकडे याचं काही औषध नाही. मी पोळ्या करणारी बाई आहे. आत्ता परत जा.”

अंबादास समजूतदारपणे हसले. “मोठी माणसं असंच म्हणतात. गर्व नाही, म्हणून तर गुण येतो.”

बाईंनी सुयोगला कॉलर धरून बाहेर ओढलं. “सांग यांना!”

सुयोग मान खाली घालून बोलला, पण बोलला. पान खोटं, फोटो खोटा, बरे झालेले सगळे लोक खोटे. अंबादासांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“खोटं असतं तर पहिल्या नंबरावर आलं असतं का, बाळा?”

आता काय बोलणार, कपाळ! बाईंना त्या माणसाचा राग आला, पोराचा आला, त्या मशीनचा आला. खरं सांगून झालं, दोघांनी सांगून झालं, आणि खऱ्याला कुत्रं विचारीना. ती निसटलेली चप्पल अजून उंबऱ्यातच पडली होती. बाईंनी पदर खोचला.

“बरं. लावते पाय,” त्या म्हणाल्या. “पण माझा पाय ऑपरेशन झालेल्या पाठीलाच लागू पडतो. आधी लावला तर उलटतो. उद्या भरती व्हा, टाके सुकले की मी स्वतः मुलुंडला येते.”

“मग असं आधी सांगायचं ना!” अंबादास म्हणाले, आणि माधुरीने तिथल्या तिथे हॉस्पिटलला फोन लावला.

रिक्षा गेल्यावर सुयोग हळूच म्हणाला, “आई, हे पण खोटंच की.”

“गप बस. तुझ्याकडनंच शिकले.” आणि त्या मोरीत जाऊन रडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या पायाच्या नावाने थाप मारली होती, आणि ती लगेच लागू पडली होती.

सुयोगने त्या दिवशीच ते पान काढून टाकलं. साहेब भडकला, तरी काढलं. ऑपरेशन नीट झालं. बाई शब्दाला जागून मुलुंडला गेल्या, नर्सची पाठ वळल्यावर पायाचा अंगठा अंबादासांच्या चादरीला टेकवून आल्या. पुढे ते काठी घेऊन, मग काठीशिवाय चालायला लागले. एव्हाना चाळीच्या दारात कुणी येईनासं झालं होतं. बाईंनी देवापुढे नारळ फोडला.

मग एका सकाळी कडी काढली, तर बाहेर रांग.

“सुयोग्या! तू ता काढलंस ना?”

सुयोगने डोळे चोळत मोबाइल पाहिला आणि आईपुढे धरला. माधुरीने व्हिडिओ टाकला होता. वडील जिना चढताहेत, आणि ती रडत सांगतेय की डॉक्टरांचे हात होतेच, पण दहिसरच्या सुलक्षणाआईंनी पाय लावला आणि बाबा चालले. लाखो लोकांनी पाहिला होता. बाईंचं नाव शोधलं की सगळ्यात वर आता तोच येत होता.

“मग काढ ना मेल्या, बघतोस काय!”

“माझा नाही तो, आई. आणि त्यात तिने एक शब्द खोटा टाकलेला नाही. काय सांगून काढायला लावू?”

बाहेरून कुणीतरी विचारलं, “मॅडम आल्या का?”