आधीचा फोटो, नंतरचा फोटो

"धाकटीच्या ताटाकडे जरा लक्ष ठेवत जा," आई फोनवर म्हणाली होती. "दोन दिवस राहून गेली, पण जेवली म्हणशील तर नाही. घास इकडून तिकडे सरकवते आणि उठते."

थोरली तेव्हा एका हाताने बाळाला सावरत दुसऱ्या हाताने दुपटी वाळत घालत होती. फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात. "आई, ती पंचविशीची घोडी झाली. आता तिच्या ताटात डोकावत बसू का मी? इथे बाळाच्या वाटीतून डोकं वर निघत नाही," असं म्हणून तिने विषय उडवून लावला. आईनेही मग ताणून धरलं नाही. खरं तर ताणून धरणं हा आईचा हातखंडा, आणि तीच गप्प बसली म्हणजे काहीतरी आहे, एवढं थोरलीला कळायला हवं होतं. पण बाळ रडलं आणि ते राहूनच गेलं.

धाकटी थोरलीच्याच शहरात, एका दागिन्यांच्या दुकानात कामाला होती. दुकानाजवळच तिने एक खोली भाड्याने घेतली होती. दर रविवारी ती थोरलीकडे जेवायला यायची. दुकानात दिवसभर पिवळे दिवे जळत असायचे, कारण त्या उजेडात सोनं उठून दिसतं आणि गिऱ्हाइकाचा चेहराही. नवा हार आला की काउंटरवरच्या मुलींपैकी एकीने तो गळ्यात घालून उभं राहायचं, अशी तिथली पद्धत होती. कितीतरी दिवस तो मान धाकटीचा होता. मग एक नवी मुलगी आली, काडीसारखी, आणि मॅनेजरने हार धाकटीच्या हातातून घेऊन तिच्या गळ्यात घातला. "तुझ्या गळ्यात हार दिसायचा तर आधी गळा दिसायला हवा ना," तो म्हणाला. सगळे हसले. धाकटीही हसली. स्वतःवर हसण्यात ती लहानपणापासून सगळ्यांच्या पुढे.

आणि इकडे थोरली मात्र बारीक होत चालली होती.

त्यात तिची काही कर्तबगारी नव्हती. बाळंतपणानंतर ती चांगलीच सुटली होती. पण बाळ असं निघालं, की चालत्या पाळणागाडीशिवाय डोळा मिटायला तयार नाही. गाडी थांबली की भोकाड. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ ती गाडी ढकलत चढावरच्या रस्त्याने वर जायची आणि खाली यायची. कधी कंटाळून, कधी चिडून, कधी चक्क रडत. दुसरं असं झालं, की बाळ वरचं खायला लागल्यावर त्याच्यासमोर बसून नीट जेवायची तिला सवय लागली. एरवी ती ओट्यापाशी उभ्याने पातेल्यातलं उरलंसुरलं चाटूनपुसून खायची आणि त्यालाच जेवण म्हणायची. वजन इतक्या सावकाश उतरलं, की वर्ष सरता सरता जुना ड्रेस अंगात शिरला तेव्हा तिलाच आश्चर्य वाटलं. सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. विकण्यासारखं तर त्याहून नव्हतं.

विकण्याचं खातं जाऊबाईंकडे होतं. थोरलीच्या मोठ्या दिरांची ही बायको. बाई मुळात वाईट नव्हती, हे आधीच सांगायला हवं. थोरलीच्या बाळंतपणात तिने दवाखान्यातल्या खुर्चीत बसून रात्री काढल्या होत्या, तिचे केस विंचरून दिले होते. तिथेच तिने तो फोटो काढला होता: थोरली गाऊनमध्ये, तोंड सुजलेलं, पोट अजून तसंच, कुशीत बाळ. "आठवण म्हणून," असं म्हणाली होती.

पुढे कुणीतरी तिला वजन उतरवणाऱ्या हिरव्या कॅप्सूलची डबी आणि एक पावडर दिली, ती स्वतः घेऊन इतरांना विकू लागली, आणि जाऊबाई पालटल्या. शनिवारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत बायका जमू लागल्या. एकीने उभं राहून आपण पूर्वी कशा होतो ते सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. सगळ्या एकमेकींना 'विजेती' म्हणायच्या. थोरली एकदाच गेली होती. पावडर पाण्यात घुसळली की खोलीभर एक गोड वास सुटायचा, पण तो खाण्यातला गोड वास नव्हता. नव्या प्लास्टिकच्या खेळण्याला येतो तसा. बायका तो हिरवट फेस मिटक्या मारत पीत होत्या आणि त्यांच्या वरच्या ओठांवर त्याची रेघ उमटत होती. थोरलीने पुढे आलेला पेला परत सरकवला. बाळ कडेवर आहे, त्याला झोप आलीय, असं सांगून ती निघाली. जाऊबाईंनी दारात तिला थांबवलं. "किती छान दिसतेयस गं. थांब, असा एक काढते." आणि फोटो काढला. थोरली सवयीने हसलीसुद्धा.

ते दोन फोटो जाऊबाईंनी शेजारी शेजारी चिकटवले. एकावर 'आधी', एकावर 'नंतर'. खाली डबीचं चित्र. आणि दिले पुढे पाठवून. थोरलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. धाकटीला मात्र तो फोटो दुकानातल्याच एका मैत्रिणीकडून मिळाला.

परक्या बाईचा फोटो असता तर धाकटीने तो हसून पुसून टाकला असता. पण ही तिची सख्खी बहीण होती.

पुढच्या रविवारी तिने सहज विचारावं तसं विचारलं, "ताई, तू कशी गं एवढी उतरलीस?"

"गाडी ढकलून. तुझ्या भाच्याची कृपा."

"हो, हो. गाडी ढकलून," धाकटी म्हणाली आणि तिने डोळा मारला. ताई लाजतेय, गोळ्या घेते हे सांगायला कमीपणा वाटतोय, असंच ती धरून चालली. लहानपणी दोघी सगळं एकमेकींना सांगत. आता ताईने गुपित ठेवलं, तर आपणही ठेवायचं, असं थोडं रागाने, थोडं गमतीने तिने ठरवलं. त्याच आठवड्यात ती जाऊबाईंकडून डबी घेऊन आली.

काटा भराभर खाली जायला लागला. हार पुन्हा तिच्या गळ्यात आला. रविवारी ती यायची तेव्हा थोरली म्हणायची, "अगं, काय हे, नुसती हाडं," आणि धाकटीला ती शाबासकीच वाटायची. मग एक रविवार ती आलीच नाही. दुसऱ्या रविवारी आली ती भर दुपारी, आणि आल्या आल्या सोफ्यावर आडवी झाली. हात सारखे खाजवत होती. कोपरापर्यंत ओरखडे.

"काय गं, पिसवा झाल्यात का खोलीत?"

"नाही गं. घाम. दुकानात एसी बिघडलाय."

जेवणाचा वास आला तसं तिने नाकाला रुमाल लावला. थोरलीला एकाएकी आईचं बोलणं आठवलं. ती हात पुसत बाहेर आली आणि खाली वाकून धाकटीकडे बघत राहिली. पडदा ओढलेला होता, नीट दिसत नव्हतं.

बाळ जन्मलं तेव्हा त्याला कावीळ झाली होती, बऱ्याच तान्ह्यांना होते तशी. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला शिकवलं होतं, की दिव्याच्या उजेडात बघायचं नाही, दिवा फसवतो. बाळाला खिडकीपाशी न्यायचं, नाकाचा शेंडा बोटाने दाबून सोडायचा, आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा. त्या पहिल्या आठवड्यांत तिने हे इतकं केलं, की घरी कुणी पाहुणा आला तरी तिची नजर आधी डोळ्यांच्या पांढऱ्याकडे जायची. नवरा यावरून तिची थट्टाही करायचा.

"ऊठ. खिडकीपाशी ये."

"झोपू दे ना, ताई."

"ऊठ म्हणते ना."

तिने धाकटीला दंडाला धरून उभं केलं, पडदा बाजूला सारला आणि तिची हनुवटी वर केली. नाकाचा शेंडा दाबला, सोडला. बोटाखाली हळदीसारखा ठसा राहिला. खालची पापणी ओढून बघितली. डोळे जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचे झाले होते.

"किती दिवस झाले हे?"

"काय झाले?"

"आरशात बघत नाहीस का तू?"

"दुकानात तर काही दिसत नाही," धाकटी म्हणाली. दिसणार कसं? त्या दिव्यांखाली सगळेच पिवळे.

"लघवी कशी होतेय?"

"शी, ताई, काय विचारतेस."

"कशी होतेय?"

"गडद. चहासारखी." मग ती घाईघाईने म्हणाली, "पण ते बरोबर आहे. वहिनींच्या, तुझ्या जाऊबाईंच्या, ग्रुपवर विचारलं मी. शरीरातली घाण बाहेर पडतेय. अशा वेळी मध्येच सोडायचं नसतं, उलट एक जास्तीची घ्यायची."

"काय घ्यायची?"

धाकटीने तिच्याकडे असं बघितलं, की आता पुरे झालं हे नाटक. "तू घेतेस तीच की. ताई, मला माहितीये सगळं." आणि तिने फोन काढून पुढे धरला.

थोरलीने आधी स्वतःला ओळखलंच नाही. मग गाऊन ओळखला. दवाखान्याच्या खाटेचा निळा कठडा ओळखला. आणि तिला दिसलं, की कुशीतलं बाळ कापून टाकलंय. तान्ह्या पोराला फोटोतून छाटून तिचं नुसतं पोट ठेवलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला ते बाळंतिणीचं पोट वाटू नये. जिने केस विंचरले, तिनेच त्याच हातांनी हे केलं होतं.

"मी नाही घेत," ती म्हणाली. "एकही घेतलेली नाही. कधीच नाही."

धाकटीने फोन खाली ठेवला. मग तिची मान खाली गेली आणि ती हात खाजवायला लागली, जास्तच जोरात.

त्याच संध्याकाळी ती दवाखान्यात भरती झाली. यकृताला सूज होती, रक्ताचे आकडे बघून डॉक्टरीणबाईंची भिवई वर गेली. त्यांनी डबी उलटसुलट करून बघितली, नाकाशी नेली आणि एखादी मेलेली पाल बाजूला ठेवावी तशी टेबलाच्या कडेला ठेवली.

"यात काय आहे?" थोरलीने विचारलं.

"डबीवर लिहिलंय ते आत असेलच असं नाही, आणि आत आहे ते सगळं लिहिलंय असंही नाही. वरून 'नैसर्गिक' लिहिलं की कुणी विचारत नाही. ही यामुळे आजारी पडली असा माझा दाट संशय आहे. दुसरी कारणं तपासतेच आहे."

"पण वजन तर खरंच उतरलं हिचं."

"उतरणारच. छाती धडधडतेय, भूक मेलीय, अन्न नको झालंय. आजारी माणूसही बारीकच होतो." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आणि गोळी बंद केली की सगळं परत येतं, कारण जगणं होतं तसंच असतं. फार थोडी औषधं आम्ही स्वतः देतो, तीही तपासून आणि लक्ष ठेवून. बाकी चालणं, जेवण, झोप. ते वर्षानुवर्षं करावं लागतं, म्हणून कुणाला ऐकायचं नसतं. यकृत पुन्हा वळणावर येईल असं वाटतंय. पण ते वळतं की नाही, हे आता त्यालाच ठरवू द्या."

तिसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या. ओठ रंगवलेले, पर्समधून तोच प्लास्टिकचा वास. नवऱ्याने थोरलीला आधीच बजावलं होतं, "वहिनी मनाने चांगली आहे, तिला तोडून बोलू नकोस."

"हे काही त्याने झालेलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "हिची प्रकृतीच नाजूक. उपाशीपोटी घेतली असणार हिने. घेतलीस ना गं उपाशीपोटी?"

धाकटीने तोंड वळवलं. उशीवर तिचे केस गळून पडले होते, ते ती एकेक करून वेचत होती.

जाऊबाई खाटेजवळ सरकल्या. आणि मग, खरोखरच मायेने, म्हणाल्या, "पण चेहरा बघ कसा निघालाय. गळ्याची हाडं बघ. बरी झालीस ना, की छान एक…" त्यांचा हात पर्सकडे गेला होता.

"फोन आत ठेवा, वहिनी," थोरली म्हणाली.

"अगं, मी आत्ता कुठे काढतेय."

"माझा फोटो काढून टाका सगळीकडून."

"तो आता माझ्या हातात आहे का? पुढे गेला. त्याच्याही पुढे गेला असेल. आणि त्यात खोटं काय आहे, सांग बरं? तू जाडी होतीस, बारीक झालीस. दोन्ही तूच आहेस की."

"माझं बाळ कुठे गेलं त्यातलं?"

जाऊबाईंनी पर्स मिटायला घेतली. चेन लागता लागत नव्हती. खोलीच्या खिडकीतून दुपारचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. किळस आली असतानाही थोरलीची नजर सवयीने त्यांच्या डोळ्यांकडे गेली. नीट दिसेना. ती एक पाऊल पुढे सरकली. "वहिनी, जरा इकडे या. खिडकीपाशी या."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. डोळ्यांचं नावही कुणी काढलं नव्हतं. आणि त्या तरातरा निघून गेल्या. आता थोरलीचा फोन त्या उचलत नाहीत. शनिवारी टाळ्या अजून ऐकू येतात म्हणे.

धाकटी आता घरी आली आहे, थोरलीकडेच. संध्याकाळी दोघी मिळून गाडी ढकलतात, चढ अर्धा झाला की बसतात, मग माघारी येतात. वजनकाटा थोरलीने कपाटावर टाकून दिला आहे. रोज सकाळी खिडकीपाशी आधी बाळ, मग धाकटी. पिवळेपणा उतरतो आहे, पण इतका सावकाश, की काल आणि आज यात फरक सांगता येत नाही.

तो फोटो मात्र फिरतोच आहे. तुमच्याकडेही आला असेल: निळा कठडा, सुजलेलं तोंड, आणि शेजारी हसणारी बाई. हसणारी बाई सांगते आहे, की ती चाललीय, जेवलीय, आणि दुसरं काहीही तिने केलेलं नाही. तो फोटो पुसून टाका. पण आधी उठा. तुमच्या घरात, शेजारी, कामाच्या जागी कुणीतरी असेल, जी ताटात घास इकडून तिकडे सरकवते आणि बारीक झालीस म्हटलं की खुलते. ती 'घाम आलाय' म्हणेल, 'झोपू दे' म्हणेल, चिडेलही. दिवा लावू नका. तिला दंडाला धरा, पडदा सारा, आणि खिडकीपाशी नेऊन तिचे डोळे बघा. आत्ताच.