रोलर यरवूडचा मुलगा

लेम्युएल यरवूड वेस्ट इंडीजकडून सात कसोट्या खेळला आणि आठव्या कसोटीची वाट बघता बघता एकतीस वर्षांचा झाला. वेगवान गोलंदाजानं तिशी ओलांडली की बाजारात आणलेल्या बैलासारखा लोक आधी त्याचा गुडघा बघतात. त्याच्यापुढे संघात चार गोलंदाज होते आणि चौघांपैकी एकही थकायचं नाव घेत नव्हता. कुणाचं बोट मोडलं की निवड समितीला लेम्युएल आठवायचा, बोट जुळलं की ती त्याला विसरायची.

मग त्र्याऐंशी साली दक्षिण आफ्रिकेतून निरोप आला, खेळायला या, भरपूर पैसे देऊ. तिथे काळ्या माणसाला गोऱ्यांच्या बाकावर टेकायची सोय नव्हती आणि म्हणूनच कुणी तिथे खेळायला जायचं नाही, असं सगळ्या जगाचं ठरलं होतं. लेम्युएल गेला. हॉटेलात खोली मिळायला अडचण नको म्हणून तिथल्या सरकारनं या काळ्या पाहुण्यांना कागदोपत्री 'मानद गोरे' करून टाकलं. यानं तेही करून घेतलं. बार्बाडोस बेटावर घरी परतला तेव्हा बोर्डानं जन्मभराची बंदी घातली होती. बोर्डाचं एक बरं असतं, ते पत्र पाठवून गप्प बसतं. त्याच्या सेंट लूसी परगण्यातल्या माणसांना पत्र लिहायचा कंटाळा, ती तोंडावर बोलतात.

"या, मानद गोरेसाहेब," रमच्या दुकानाची मालकीण मिस क्लॅरीन पहिल्याच संध्याकाळी म्हणाली. "आमच्या बाकावर बसाल ना? की तुम्हाला वेगळा आणू?"

डोमिनो खेळणारे खिदळले. लेम्युएलनं रम मागितली, तिनं दिली आणि वर म्हणाली, "ग्लास घरी घेऊन जा हं. त्यात पुन्हा कुणी पिणार नाही."

हे त्यानं गिळलं. बापाचं गिळता आलं नाही. बाप डार्नली यरवूड साखर कारखान्यात कामाला होता, पण गाव त्याला 'रोलर' म्हणायचं, कारण चाळीस वर्षं दर शनिवारी पहाटे गावच्या मैदानावर रोलर तोच ओढायचा. लेम्युएल लहानपणी त्याच खेळपट्टीवर धावायला शिकला. बंदीनंतर एकदा तो सवयीनं तिथे गेला, तर म्हाताऱ्यानं रोलरचा दांडा सोडला, त्याच्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या पट्टीवरून उतर," आणि पुन्हा ओढायला लागला. ते शेवटचं वाक्य. त्यानंतर दीड वर्ष दुखण्यात गेलं, एका सोमवारी पहाटे म्हातारा मेला, आणि त्या मुदतीत मुलाशी तो एक अक्षर बोलला नाही.

त्याच संध्याकाळी लेम्युएल बहिणीच्या घरी गेला. एर्मिन त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, तिच्याच घरी बाप गेला होता. ती इस्त्री करत होती.

"रेडिओवर कधी देणार?" त्यानं विचारलं.

"देईन. तुला काय करायचंय?"

"माझं नाव पहिलं यायला पाहिजे. मी मुलगा आहे."

या बेटावर माणूस डॉक्टरनं सांगून मरत नाही, रेडिओनं सांगितलं की मरतो. दुपारच्या बातम्यांनंतर निधनं वाचतात आणि तेवढा वेळ अख्खं बेट गप्प असतं. कोण कुणाचा बाप, कोण कुणाची मावशी, ब्रुकलीनमध्ये कोण, लंडनमध्ये कोण, सगळी नावं. वकिलाकडे काय लिहिलंय ते वकील जाणे. त्या यादीत ज्याचं नाव आलं तो त्या घरचा. लेम्युएलला बापानं जिवंतपणी टाकलं होतं. आता मेल्यावरही टाकलं तर त्याच्याजवळ काहीच उरणार नव्हतं.

"मुलगा!" एर्मिननं इस्त्री आपटली. "दीड वर्ष मी त्याचं गू-मूत काढलं. तेव्हा कुठे होतास रे, मुलगा?"

"दारात होतो. त्यानंच आत घेतलं नाही."

"का घेतलं नाही? जन्मभर मळेवाल्याला 'सर, सर' करून त्यानं ऊस तोडला, कारखान्यात भट्टीपुढे अंग भाजलं. तुला शाळेत घातलं ते तुला कुणाला सर म्हणायला लागू नये म्हणून. आणि तू विमानात बसून गेलास, सर म्हणायला! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस तू, लेम."

"त्याच पैशात तुझं छप्पर नवं करून देत होतो ना मी?"

"आणि डॅडीनं एक पत्रा तरी लावू दिला? वर बघ. गळतंय. गळू दे."

"नाव देणार की नाही, तेवढं सांग."

"नाही. रोलरला एक मुलगी होती, एवढं लोकांना कळलं की पुष्कळ झालं. निघ आता, कपडे जळतील माझे."

तो निघाला. रागानं डोकं फिरलेला माणूस दोन दिवसांत शांत होतो म्हणतात. लेम्युएल दोन दिवसांत गळवासारखा पिकला. बुधवारी सकाळी अंगावर सूट चढवून तो बसनं ब्रिजटाऊनला गेला आणि रेडिओच्या कचेरीत निधनांच्या खिडकीपुढे उभा राहिला. आत चष्मा लावलेली एक बाई होती.

"डार्नली यरवूड, उर्फ रोलर," त्यानं सांगितलं. बाईनं कागद चाळले.

"याच नावाचं काल दुपारी आलंय की. आजपासून वाचणार आहेत."

"ते बहिणीनं दिलंय. माझं वेगळं वाचा."

"एकाच माणसाचं दोनदा? आधी ते वाचून दाखवू का? काही राहिलं असेल तर त्यातच घालते, फुकट."

"त्यात काय आहे ते मला माहीत आहे," लेम्युएल म्हणाला. "तुम्ही लिहा."

बाईनं खांदे उडवले आणि लिहायला घेतलं. मृताचं वय एकाहत्तर. अंत्यविधी शनिवारी साडेतीनला. कुणाचे वडील?

"लेम्युएल यरवूडचे. वेस्ट इंडीजचा कसोटीपटू."

"आणि? आणखी मुलं?"

एर्मिननं इस्त्री आपटली तो आवाज अजून त्याच्या कानात होता.

"नाहीत," तो म्हणाला. "एकुलता एक."

बाईनं चष्म्यावरून पाहिलं. बहिणीनं दिलंय असं हाच आत्ता म्हणाला होता. पण मेलेल्यांच्या घरची भांडणं तिच्या खिडकीला नवी नव्हती. तिनं लिहिलं, पैसे घेतले, पावती फाडली.

परत येताना बसमध्ये त्याला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं. तो मुद्दाम मिस क्लॅरीनच्या दुकानी उतरला. सगळ्यांची तोंडं बघायची होती त्याला. त्याला पाहून कुणी सरकलं नाही. बातम्या संपल्या, डोमिनोच्या सोंगट्या थांबल्या, मिस क्लॅरीननं फडकं खाली ठेवलं.

"सेंट लूसी परगण्यातले डार्नली यरवूड, उर्फ रोलर, वय एकाहत्तर, यांचं निधन झालं," रेडिओवरची बाई संथपणे वाचू लागली. "वेस्ट इंडीजचे कसोटीपटू लेम्युएल यरवूड आणि एर्मिन यरवूड यांचे वडील..."

लेम्युएलला वाटलं, हे आपलंच वाचतायत आणि त्या खिडकीवरच्या बाईनं चूक केलीय. पण यादी पुढे चालली, ब्रुकलीनची आत्या, लंडनचे चुलते, मैदानावरचे सोबती, त्यानं न सांगितलेली नावं. हे एर्मिनचं होतं. जेमतेम दोन वाक्यं मध्ये गेली असतील नसतील, आणि तोच आवाज पुन्हा म्हणाला, "डार्नली यरवूड, उर्फ रोलर... कसोटीपटू लेम्युएल यरवूड या एकुलत्या एक मुलाचे वडील..."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"एकुलता एक," मिस क्लॅरीन शेवटी म्हणाली. "त्या पोरीनं बापाला भरवलं, धुतलं, डोळे मिटवले. अरे, आफ्रिकेला गेलास ते पैशासाठी तरी होतं. हे कशासाठी केलंस?"

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता त्यानं. तो एर्मिनच्या घराकडे जवळजवळ धावला. गुडघा ठणकत होता.

शेजारणी ओट्यावर जमल्या होत्या, त्या बाजूला झाल्या. एर्मिन खोलीत भिंतीवरच्या रेडिओच्या खोक्याखाली बसली होती. रडत नव्हती.

"तू म्हणालीस नाव देणार नाही," तो दारातच म्हणाला.

"खोडलंच होतं. मग वाटलं, लोक म्हणतील रोलरला मुलगा नव्हता. त्यानं उभं आयुष्य तुझं नाव सांगितलं गावाला. ते माझ्यामुळे खोटं पडायला नको. तुझ्यासाठी नाही लिहिलं मी."

"एर्मिन, संध्याकाळी पुन्हा वाचतात. मी फोन करून माझं काढायला लावतो."

"नको."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"आता काढलंस तर लोक म्हणतील, एर्मिननं काढायला लावलं. नकोच. ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं, तू तेवढं अजून नीट ऐकलं नाहीस. बस."

ती इतक्या शांतपणे बोलत होती की तो बसला. तिनं त्याला मासा आणि मक्याच्या पिठाचं कू-कू वाढलं, बापाच्याच ताटलीत. त्यानं खाल्लं नाही, तिनं आग्रह केला नाही. शेजारणी हलल्या नाहीत. ऊन उतरलं, रस्त्यावरून कारखान्याची पाळी सुटलेली माणसं गेली, साडेसहा वाजले. तिचं निवेदन झालं आणि त्याचं सुरू झालं, तसा लेम्युएल उठला आणि त्यानं रेडिओ बंद करायला खोक्याच्या बटणाला हात घातला.

"आवाज वाढव," एर्मिन म्हणाली. "ओट्यावरच्यांना ऐकू येत नाही."

त्यानं बटण फिरवलं आणि आवाज वाढवला.